हिरवा पडदा

सोमवार, १ ऑक्टोबर १९५६

पोचलो एकदाच्या. बॅलरॅटहून निघालेली गाडी वाटेतल्या प्रत्येक गव्हाच्या कोठाराला राम राम करत आली. वॅरिंगाला उतरणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझी मुलगी बिडी. बिडीचे गुडघे कोळशाने काळे झाले होते आणि ती त्यावर खूश होती.

नवरा गेल्यापासून मी सतरा ठिकाणी काम मागितलं. माझ्या हाताला चव आहे, अंगात आळस नाही, पण सहा वर्षांची मुलगी सोबत म्हटलं की सगळ्यांचं तोंड आंबट. इथली जाहिरात मात्र वेगळीच होती : घर सांभाळायला स्वयंपाकीण हवी, मूल असल्यास उत्तम. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत. मी त्याच दिवशी होकार कळवला.

घर गावाबाहेर, जुन्या घोडदौडीच्या मैदानाला लागून आहे. मैदानात आता मेंढ्या चरतात. मागच्या कुंपणापलीकडे रेल्वेचा रूळ, आणि कुंपणाला अगदी खेटून सिग्नलचा उंच खांब. गाडी गेली की कपाटातले कप नाचतात आणि दिवाणखान्याच्या खिडक्या खुळखुळतात. बिडीला हे फार आवडलं.

मालकीण मिस ओल्विन कार्थ्यू नव्वदीच्या आहेत, पण पाठ अशी ताठ की मीच नकळत सरळ उभी राहिले. त्यांचे धाकटे भाऊ मिस्टर रेज कधीकाळी जॉकी होते. खुर्चीत बसले की पाय जमिनीला टेकत नाहीत. बिडीने आल्या आल्या त्यांच्या पाठीला पाठ लावून उंची मोजली. दोन बोटांनी ती कमी भरली. म्हातारा म्हणाला, नाताळपर्यंत तू मला मागे टाकशील. मला हा माणूस आवडला.

मंगळवार, २ ऑक्टोबर

इथे दर मंगळवारी चहानंतर शर्यत असते. खेळण्यातली! लाल रंगाची लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणून बसवलेलं हिरवं कापड, आणि एका टोकाला लोखंडी दांडा. दांडा फिरवला की कापड थरथरतं आणि त्यावर ठेवलेले घोडे ठुमकत ठुमकत पुढे सरकतात. पेटी यांच्या लहानपणी मेलबर्नहून आणलेली. मूळचे घोडे हरवले, तेव्हा यांच्या वडिलांनी शिसं ओतून सहा नवे केले. वडील शर्यतीचे घोडे तयार करायचे. मैदानावर त्यांचे जे सहा घोडे मेले, त्यांच्यावरून हे सहा बनवले आहेत, असं मिस कार्थ्यूंनी साखर किती घालू हे विचारावं तितक्या सहज सांगितलं.

खेळायला पाववाला क्लेम आला होता, आणि स्टेशनमास्तरांची बायको एडा पॅस्को. क्लेम जाडजूड, हसतमुख. पुढच्या महिन्यात मेलबर्नला ऑलिम्पिक बघायला जाणार आहे आणि ते त्याने मला तीनदा सांगितलं. चिठ्ठ्या टोपीतून काढायच्या, ज्याला जो घोडा येईल त्याच्या बुडाशी खळीने आपलं नाव चिकटवायचं. मग तो घोडा मेलबर्नच्या मोठ्या कप शर्यतीच्या दिवसापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारपर्यंत, त्याचा. त्या दिवशी नावं खरवडून पुन्हा चिठ्ठ्या.

मिस कार्थ्यूंनी माझी चिठ्ठी लिहिली. या घरात नोकरांनाही घोडा असतो म्हणाल्या. बिडीचं काय विचारलं, तर ते तुम्हीच ठरवा म्हणाल्या. बिडीचा खालचा ओठ थरथरायला लागलाच होता. आमच्याकडे एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला बघत बसवायचं असं कुणी करत नाही. मी तिचं नाव माझ्या हाताने लिहिलं आणि टोपीत टाकायला गेले, तर मिस्टर रेजनी टोपीच्या तोंडावर हात ठेवला. क्षणभरच. मग बहिणीकडे बघून त्यांनी तो काढून घेतला.

बिडीला करडा घोडा आला आणि करडाच जिंकला. खळ तिच्या कोपरापर्यंत. झोपतानाही त्या घोड्याबद्दल बोलत होती.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

दिवस बरे चाललेत. मटन भरून भाजलेल्या माझ्या पेस्टीवर मिस्टर रेज खूश आहेत. मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात म्हणून बिडी आइस्क्रीमचा डबा घालून शाळेत जाते. गावातली सगळीच मुलं तशी जातात.

आजच्या शर्यतीत क्लेमचा तपकिरी घोडा मध्येच आडवा झाला. हसण्यासारखंच होतं, पण दोघा म्हाताऱ्यांनी हातातले कप खाली ठेवले. मिस कार्थ्यूंनी पेटीच्या खणातून कापडाचा एक इवलासा पडदा काढला, काडीएवढ्या चार खांबांचा, हिरवा, आणि पडलेल्या घोड्याभोवती उभा केला. त्यांच्या आईने शिवलेला. बिडीने विचारलं हे काय. मिस्टर रेजनी तिला समजावून सांगितलं : खऱ्या मैदानावर घोड्याचा पाय मोडला की माणसं त्याच्याभोवती असा पडदा धरतात, लोकांना दिसू नये म्हणून. मग आतून बंदुकीचा एक बार ऐकू येतो. बिडी विचारात पडली. क्लेम म्हणाला, म्हणजे आता मला उद्या पाव वाटायला सुट्टी. एडा पॅस्को खो खो हसली. मीही हसले.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

क्लेम गेला. तीस मैलांवर, सरळसोट रस्त्यावर, समोर कुणी नसताना त्याची पावाची गाडी कालव्यात उलटली. एडा धावतच सांगायला आली. ऑलिम्पिकचं तिकीट त्याच्या खिशातच होतं म्हणे.

मला मंगळवारची आठवण झाली. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधी कधी. मी बिडीला एवढंच सांगितलं की क्लेमकाका दूर गेले.

शनिवार, १३ ऑक्टोबर

अंत्यविधीहून आलो. सँडविच मी केले होते, सगळे संपले. नंतर दिवाणखाना झाडायला गेले तर मिस्टर रेज पेटीपाशी होते. तपकिरी घोड्याचा पुढचा पाय वाकला होता, तो चिमट्याने सरळ करत होते. पूर्ण सरळ झाला नाही. क्लेमचं नाव त्यांनी नखाने खरवडून काढलं आणि खिशात ठेवलं.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

कुणी पडलं नाही. करडा पुन्हा जिंकला. उगाच मनात काहीबाही आणत होते.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आज मिस्टर रेजचा काळा कलंडला. हे मी नीट लिहून ठेवते, कारण मी समोर होते. घोडा कलायला लागताच मिस कार्थ्यूंनी तो झेलायला हात पुढे केला, नव्वदीच्या बाईचा हात, पण सापासारखा चपळ. मिस्टर रेजनी बहिणीचं मनगट धरलं. घट्ट. घोडा पडला. मग त्यांनी स्वतः पडदा काढून त्याच्याभोवती उभा केला आणि चहा मागितला.

एडा घरी जाईपर्यंत बडबडत होती. तिला यातलं काही कळत नाही. मला कळतंय आणि मला भीती वाटते आहे.

बुधवार, २४ ऑक्टोबर

मिस्टर रेजनी मला व्हरांड्यात बोलावलं. दाढी केली होती, बूट चकाकत होते. बिडी शाळेत गेली आहे ना, हे आधी विचारलं. मग जे सांगितलं ते असं.

पडलेल्या घोड्याचं माणूस जातं. घरात असो की शंभर मैलांवर. पेटी मोडायची सोय नाही : १९१९ साली धाकटा भाऊ हॉल यानं रागाच्या भरात ती उलटी केली. घोडे सगळे एकदम उडाले. त्या वर्षी तापाची साथ होती. पंधरा दिवसांत घरातली चार माणसं गेली, त्यात हॉलही. मिस कार्थ्यूंचा घोडा शेगडीच्या कठड्याला टेकून उभाच राहिला होता.

"आणि माझा ओल्विननं हवेत झेलला," ते म्हणाले. "खाली टेकला नाही, म्हणून मी सदतीस वर्षं जास्तीची जगलो. आता पुरे झालं. काल तिला झेलू दिलं नाही."

मी विचारलं, मग क्लेमचा का नाही झेललात? आमच्यापैकी कुणी हात पुढे केला नाही, म्हणाले, एवढंच खरं आहे.

आणि मूल असल्यास उत्तम, ही जाहिरात? त्यांनी मान खाली घातली.

"दोनच घोडे असले तर दोघांतला एक, बाई. सहा असले तर सहांतला एक. तिला हिशेब कळतो. मी टोपीवर हात ठेवला होता. ठेवून द्यायला हवा होता."

बिडीचं नाव मीच टाकलं. माझ्या हाताने लिहून. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

मिस्टर रेज काल दुपारी खुर्चीतच गेले. पेस्टी अर्धी खाल्लेली. बिडी रडली नाही, तिने त्यांच्या पायांखाली स्टूल ठेवलं, पाय लोंबकळू नयेत म्हणून. मला मात्र तिच्यासमोर रडू आवरलं नाही.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

खेळायला नकार दिला. बिडीला घेऊन तळ्यावर गेले, संध्याकाळी परतले. मिस कार्थ्यू तशाच बसून होत्या, पेटीला हात न लावता. मी सगळं तोंडावर बोलले. पोरीच्या जिवावर स्वतःचं आयुष्य वाढवता, लाज वाटत नाही? त्या रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं.

त्यांनी सांगितलं की एका वर्षी त्यांनी पेटी कपाटात बंद करून किल्ली नदीत टाकली होती. कुलूप फोडलं तेव्हा आत एक घोडा पडलेला होता, आणि त्यांची बहीण तोवर पुरलेली होती.

"बंद कपाटात पडलेला घोडा झेलता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी खेळते. डोळ्यांसमोर तरी राहतात. आणि थेल्मा, मी नेहमी जिंकते असं लोक म्हणतात. जिंकणं म्हणजे मागे उरणं. तेवढंच."

पुढच्या मंगळवारी कप. नव्या चिठ्ठ्या.

बिडीचं नाव वगळा म्हटलं. एकदा आलेलं नाव निघत नाही. घोडा मात्र बदलता येतो, आपखुशीने, बदलणाऱ्याने आपल्या हाताने नाव चिकटवून. हे ऐकून जरा जीवात जीव आला.

रविवार, ४ नोव्हेंबर

जेवण जात नाही. उत्तरेचा गरम वारा, घरभर धूळ. दिवाणखान्यातून जाताना श्वास धरून जाते, पाऊलसुद्धा जपून टाकते.

बिडीला काही सांगितलेलं नाही. सांगून काय करणार? घाबरेल. तिच्यासाठी तो खेळच आहे, खेळच राहू दे.

सोमवार, ५ नोव्हेंबर

ठरलं. बिडी उद्या दुपारच्या गाडीने बॅलरॅटला, माझ्या बहिणीकडे, विनीकडे. गार्ड लक्ष ठेवेल, एडा गाडीत बसवून देईल. दूर गेल्याने सुटका नाही हे कळतं मला. पण या घरात तरी नको.

मी इथे थांबणार. घोड्यांसमोर. झेलायला कुणीतरी हवं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर. सकाळ

चिठ्ठ्या काढल्या. सहा घोडे, चार नावं. मिस कार्थ्यू पांढरा. एडा तांबडा, तिची चिठ्ठी मिस कार्थ्यूंनीच काढली. मला करडा.

बिडीला तपकिरी. वाकडा पाय. नुसता ठेवला तरी डुगडुगतो.

लगेच बदलून घेतला. तिच्यासमोरच. तुझा लाडका करडा तुलाच, म्हटलं. करड्याच्या बुडाशी तिने आपलं नाव चिकटवलं, तपकिरीच्या बुडाशी मी माझं.

बिडी म्हणाली, पण आई, हा तर लंगडा आहे. तू हरशील.

म्हटलं, मला चालेल.

दुपार

बिडीची कपड्यांची पेटी भरली. लॅमिंग्टन केक दिले, चार, वाटेत खायला. ती बराच वेळ दिवाणखान्यात होती. घोड्यांचा निरोप घेत असेल. बोटांना खळ लागली होती, ओल्या रुमालाने पुसली.

तिला सांगितलं रडायचं नाही. गाडी घरावरून जाईल तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीतून हात हलवीन. तूही हलव. हो म्हणाली. फाटकापाशी वळून आली, गळ्यात पडली आणि कानात सांगितलं,

"आई, आज तूच जिंकणार."

एडाचा हात धरून गेली. डोक्यावर तो आइस्क्रीमचा डबा.

नंतर

लोखंडी दांडा काढून पाण्याच्या टाकीत टाकला. आता कोण फिरवतं बघू. घोडे मिस कार्थ्यूंनी आधीच कापडावर मांडले होते, चारही. उचलू नका म्हणाल्या, मांडलेले उचलले तर पडले असंच धरतात.

बरं. नाही उचलत. खिडकीपासून लांब, पेटीसमोर बसून आहे. दांडा नाही तर कापड हलणार नाही. रेडिओवर मेलबर्नचा गलका, खरे घोडे सुटायचेत. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहिते आहे.

सगळं शांत. माझा तपकिरी उभा आहे.

कपाटातला एक कप वाजला.

—

गाडी.

गाडी कशी विसरले मी? रोज कप नाचतात, रोज —

कापड थरथरतंय. घोडे चाललेत. चारही. करडा पुढे. बिडीचा करडा पुढे आहे, चांगलं आहे, तो पडत नाही, कधीच —

तपकिरी कलला. धरला. बोटाने. टेकला नाही, टेकू दिला नाही. अर्धा आडवा आहे. बूड दिसतंय.

नाव माझं नाही.

मोठी वाकडी अक्षरं. खळ अजून ओली. बिडी.

तिने घोडे बदलले. मी जिंकावं म्हणून तिने — आपखुशीने, आपल्या हाताने. मी करून दाखवलं तसंच.

उजवं बोट घोड्याला. डाव्या हाताने लिहितेय. मिस कार्थ्यूंना म्हटलं धरा, माझ्याबरोबर धरा. त्या हलत नाहीत. त्यांचा हात खणाकडे. पडदा —

करडा पोचला. माझं नाव. मी जिंकले.

धरून ठेवीन. गाडी जाईपर्यंत. एवढंच तर आहे. धरून ठेवीन.

खिडकीत गाडी. डबे. ती — ती दिसली. हात हलवतेय. हसतेय.

मला खिडकीशी जाता येत नाही.

शोधतेय मला. मी दिसत नाही तिला, खिडकीत नाही म्हणून. बाहेर वाकली. आणखी बाहेर. डोक्यावरचा डबा पडला. खांब पुढेच आहे, कुंपणाचा, सिग्नलचा —

हात उचलला तर घोडा —

नाही उचलला तर ती आणखी —

बिडी आत हो. आत हो बाळा, आई इथेच आहे, आत